उत्तर आल्याशिवाय

आधीच सांगून ठेवतो, यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांना खुशाल वाटू दे. मला कुणाकडून बक्षीस नकोय.

आणि मध्यरात्र, अमावास्या, कुत्र्यांचं रडणं असलं काही शोधत असाल तर इथेच थांबा. हे सगळं भरदुपारी घडलं. समुद्राकाठच्या जुन्या वस्तीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत, पंखा चालू असताना.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं हाच माझा धंदा. जे दिसत नाही ते नसतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो. अडचण एवढीच झाली की या प्रकरणात दिसलं कधी काहीच नाही.

फक्त ऐकू आलं.

आणि सगळ्यात आधी माझ्या आईला... जिला ऐकू येत नाही.

आई आयुष्यभर छापखान्यात होती. मोठ्या मशीनशेजारी उभं राहून तिचे कान गेले. कानात मशीन घातलं की कामापुरतं ऐकू येतं. दुपारी झोपताना ती ते काढून टेबलावर ठेवते आणि मग तिच्या उशाशी ढोल वाजवला तरी ती हलत नाही. पण तिचा तळहात शाबूत आहे. छापखान्यात मशीनच्या अंगाला हात लावून ती आत काय बिघडलंय ते सांगायची. म्हणायची, कान फसवतात, हात फसवत नाही.

तिचे गुडघेही कामातून गेलेले. आम्ही चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहायचो आणि तिथली लिफ्ट मनात आलं तरच चालायची. महिनेच्या महिने आई खाली उतरायची नाही. खिडकीशी बसून रस्ता बघायची. एकदा म्हणाली, "मी मेल्यावरच मला खाली नेणार का रे?" हसत म्हणाली, पण मला ते लागलं.

म्हणून घर घ्यायचं ठरवलं. एकच अट होती. आईची खोली तळमजल्यावर हवी.

दलालानं ते जुन्या वस्तीतलं घर दाखवलं. अरुंद गल्ली, दगडी पायऱ्यांनी खाली उतरत थेट समुद्राला भिडणारी. दोन्ही बाजूंना घरं एकमेकांना खेटून, भिंतीला भिंत. एकाला शिंक आली की शेजाऱ्यानं रुमाल काढावा इतकी दाटी. आमचं कपाट घरातल्या जिन्याच्या वळणावर अडकलं, शेवटी दोर बांधून खिडकीतून चढवावं लागलं. तरी मी त्या घराच्या प्रेमात पडलो. समोर समुद्र, खाली आईची खोली, वर आम्ही दोघं. आधीचे मालक परगावचे, फक्त सुट्टीत यायचे. बाकीचा वेळ घराला कुलूप.

समुद्राच्या बाजूनं आमचं घर दुसरं. पहिलं, अगदी पाण्याकाठचं, बंद होतं. त्याचं कुलूप गंजून दाराचाच भाग झालं होतं.

"खाली कोण राहतं?" मी विचारलं.

"कोणी नाही साहेब," दलाल म्हणाला. "शांत शेजार."

मी म्हटलं, असा शेजारी नशिबानं मिळतो. दोघंही हसलो.

रंग काढायच्या वेळी खोलीत एक गोष्ट दिसली. दोन्ही बाजूच्या भिंतींवर, बसल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर, एकेक खळगा होता. मुठीएवढा. गुळगुळीत, घासून घासून चकाकल्यासारखा. मला वाटलं, पलंग घासून पडला असेल. गवंड्याला सांगून दोन्ही बुजवून घेतले आणि वरून छान फिकट पिवळा रंग दिला.

तेवढं एक करायला नको होतं. की त्यानं काही फरक पडला नसता... कोण जाणे.

पहिले काही आठवडे आई लहान मुलासारखी खूश होती. काठी टेकत उंबऱ्यात यायची, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. गल्लीत चढाच्या बाजूला आमच्या लगतच्या, वरच्या घरातल्या बाईशी तर तिची गट्टीच जमली. त्या बाईचं घराच्या पुढच्या खोलीत बटणांचं दुकान. बटणं, चेन, दोरे, हूक. सगळी गल्ली तिला बटणकाकू म्हणायची. तोंडानं फटकळ, पण आईशी बोलताना मुद्दाम समोर बसून ओठ हलवून बोलायची. माझी बायको लोकांचे आखडलेले सांधे हलवायचं काम करते. ती म्हणाली, मी वर्षभर व्यायाम करून घेतला त्यापेक्षा या उंबऱ्यानं आईंचे गुडघे जास्त हलवले.

मग एका रविवारी दुपारी...

आई झोपली होती. मी तिच्याच खोलीत खुर्चीवर पेपर वाचत होतो.

टक. टक. टक.

खालच्या भिंतीतून. बंद घराच्या बाजूनं.

मी वर बघितलं. आई गाढ झोपेत. मशीन टेबलावर.

जरा वेळानं पुन्हा. तसंच. घाई नाही, राग नाही. कोणीतरी दार वाजवून अदबीनं थांबावं, तसं.

मी उठून भिंतीला कान लावला... आणि बंद झालं.

पाण्याचा पाइप असेल म्हणून नळवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, या भिंतीत पाइपच नाही. मग उंदीर म्हटलं. मग जुनं लाकूड. माणसाला पटवून घ्यायचंच असलं की कारणांना तोटा नसतो. बायको म्हणाली, खाली जाऊन बघ तरी. गेलो. खिडकीच्या मळक्या काचेतून आत डोकावलो. रिकामी खोली. टेबलावर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. जमिनीवर जाड धूळ आणि धुळीवर एकही खूण नाही.

तेव्हापासून ते अधूनमधून यायचं. नेहमी दुपारचं. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. ज्या दुपारी टकटक व्हायची, त्या दिवशी भरतीचं पाणी गल्लीच्या खालच्या पायऱ्या चढून यायचं.

नंतर नाही. टकटक आधी. पाणी नंतर.

एका दुपारी मी दुकान बंद करून जेवायला घरी आलो. आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती पलंगावर बसली होती. मशीन टेबलावर. डावा तळहात खालच्या भिंतीवर टेकवलेला, डोळे मिटलेले. छापखान्यातल्यासारखे.

मग तिनं उजव्या हाताची मूठ केली... आणि भिंतीवर वाजवलं.

टक. टक. टक.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. मशीन कानात घालून दिलं आणि ओरडूनच विचारलं, हे काय चाललंय?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, कधीची बोलावतेय बिचारी. माणसानं ओ देऊ नये का?"

"कोण बोलावतेय?"

"ते मला काय माहीत. पण किती दिवस झाले... एकच एक विचारतेय."

त्या दिवसापासून खालच्या भिंतीतला आवाज थांबला. साफ थांबला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बायकोला म्हटलं, बघ, आईनं एका फटक्यात उंदराला गप्प केलं.

पण खोलीत काहीतरी बदललं होतं.

आई पलंगाच्या अगदी कडेला झोपायला लागली. पडेल या भीतीनं बायको तिला मध्ये सरकवायची. पुन्हा बघावं तर कडेला. अर्धा पलंग रिकामा. विचारलं तर म्हणाली, "असू दे. दोघींना पुरतं."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. वय झालं की होतं असं, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं.

मग वरच्या भिंतीवरचा, बटणकाकूंच्या बाजूचा रंग फुगला. एका सकाळी पोपडा गळून पडला. मी बुजवलेला खळगा पुन्हा उघडा पडला होता. गुळगुळीत. चकाकणारा.

त्याच आठवड्यात काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. नेहमीचं हसू नव्हतं.

"आईंना सांग, दुपारी माझी भिंत वाजवू नका म्हणावं. काल किती वेळ चाललं होतं."

"काल?" मी म्हटलं. "काल दुपारी आम्ही तिघंही कानाच्या डॉक्टरकडे होतो. घराला कुलूप होतं."

काकू मला बाजूला सारून आत गेल्या. आईच्या खोलीत गेल्या, भिंतीवरचा खळगा बघितला... आणि त्यात आपली मूठ बसवून बघितली.

मग त्यांनी सांगितलं.

पूर्वी या गल्लीत एक पद्धत होती. वाऱ्याचे दिवस असले की पाणी कधी चढेल सांगता यायचं नाही. ते सगळ्यात आधी दिसायचं खालच्या घराला. मग खालच्या घरानं वरच्या घराची भिंत वाजवायची. तीनदा. वरच्यानं उलट तीनदा वाजवून उत्तर द्यायचं. उत्तराचा अर्थ एवढाच, की आम्ही ऐकलं, आम्ही उठलो, तुम्ही आता वर या. मग खालच्यांनी घर सोडून वरच्या घरात यायचं आणि वरच्यांनी पुढची भिंत वाजवायची. असा निरोप गल्लीभर चढत जायचा. आणि नियम असा, की उत्तर आल्याशिवाय खालच्यानं जागा सोडायची नाही. नाहीतर वरचे झोपेतच राहतील.

"त्या पाण्याकाठच्या बंद घरात एक शिक्षिका राहायच्या," काकू म्हणाल्या. "आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. एकट्याच. हा नियम गल्लीतल्या पोरांना त्यांनीच शिकवलेला. मलाही त्यांनीच. फार शिस्तीच्या."

"मग?"

"मग घरं विकली जायला लागली. तुमचं हे घर सुट्टीवाल्यांनी घेतलं. त्या वर्षी पाणी दुपारी चढलं. बाईंनी भिंत वाजवली असणार. पण इथे होतं कोण? कुलूप. आणि तुमच्या घरापलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. नुसत्या माडीवर गेल्या असत्या तरी वाचल्या असत्या रे. भिंतीला टेकून बसलेल्या सापडल्या. मूठ वळलेली होती."

आई आमच्या ओठांकडे बघत होती.

मग काकूंनी हळूच विचारलं, "तुमच्यापैकी कोणी... उत्तर दिलंय का?"

मी आईकडे बघितलं. काकूंना काय ते समजलं.

"म्हणजे त्या वर आल्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे. आणि आता माझी भिंत वाजवतायत. मी उत्तर देणार नाही. राग मानू नकोस. पण मला माझ्या घरात कोणी नकोय."

मी रागावलो नाही.

त्याच रात्री आम्ही आईला माडीवर न्यायचं ठरवलं. ती तयार होईना. जिना नको, म्हणाली. दुसऱ्या दिवशी नको, तिसऱ्या दिवशीही नको. दुपारी ती वरच्या भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. उंबऱ्यात यायची बंद झाली. गप्पा बंद. ज्या आईला चार भिंतींतून सोडवायला घर घेतलं, ती आता एका भिंतीपुढून हलेना.

आणि मग वारं सुटलं.

सकाळपासून समुद्र मातीच्या रंगाचा झाला होता. दुपारी भोंगा लावून गाडी फिरली, खालच्या गल्ल्या रिकाम्या करा म्हणून. लोक पिशव्या घेऊन पायऱ्या चढायला लागले. बायकोनं कागदपत्रं आणि औषधं भरली. मी आईच्या खोलीत गेलो.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. वरच्या भिंतीवर मूठ.

टक. टक. टक.

"आई, चल. पाणी येतंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "उत्तर येऊ दे. मग निघू."

मी समजावलं. ओरडलो. पाया पडलो. बायको म्हणाली, उचलूया. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं. माझी आई एवढीशी आहे, मी तिला एका हातानं उठवतो. त्या दिवशी ती जागची हलली नाही. बायको रोज माणसं उचलते. तिनं हात सोडले आणि पांढऱ्या चेहऱ्यानं म्हणाली, "अरे, हे एका माणसाचं वजन नाही."

तेवढ्यात दाराखालून पाणी आत आलं. आवाज न करता. पलंगाच्या पायापर्यंत पसरलं.

टक. टक. टक.

मी बाहेर धावलो. काकू त्यांच्या दारात होत्या. खांद्याला पिशवी, हातात कुलूप. निघाल्याच होत्या.

मी त्यांच्यापुढे हात जोडले. धड बोलताही येत नव्हतं. म्हटलं, ती हलत नाही. उत्तर मागतेय. काकू, माझी आई बुडेल.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली, आमच्या उंबऱ्यावरून आत शिरणाऱ्या पाण्याकडे.

"बाई गेल्या त्या दिवशी मी घरातच होते," त्या म्हणाल्या. "दुपारची झोपले होते."

पिशवी दारातच ठेवून त्या आत गेल्या.

मी परत आलो तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं. आईची मूठ वर उचललेली. आणि भिंतीतून, पलीकडून, स्वच्छ...

टक. टक. टक.

आईनं हात खाली घेतला. "चला," म्हणाली.

आणि उठली. काठी न घेता. ज्या बाईला दोन पायऱ्या चढायला माझा खांदा लागायचा, ती गल्लीच्या ओल्या पायऱ्या सरळ चढून गेली. मी आणि बायको तिच्या मागे.

काकूंच्या दारावरून जाताना मी मान वळवली. त्या दार उघडं धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, चला ना, काकू. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. आमच्या मागे बघत होत्या. मग जरा बाजूला सरकल्या... माणूस आत येताना सरकतो तशा.

"या बाई," म्हणाल्या.

मग दाराला कुलूप लावून आमच्या मागून चालायला लागल्या.

त्या दुपारी आमची खोली छातीपर्यंत भरली. काकूंच्या उंबऱ्याला पाणी टेकलं आणि उतरलं.

आम्ही त्या घरी परत राहायला गेलो नाही. दुकानाजवळ भाड्याचं घर घेतलं, तळमजल्यावर, समुद्रापासून लांब. आई पुन्हा पहिल्यासारखी झाली. उंबऱ्यात बसते, मला टोमणे मारते. त्या दिवसाबद्दल विचारलं तर म्हणते, काही आठवत नाही.

काकू मात्र तिथेच राहिल्या. त्यांचं दुकान तिथे, त्या जाणार कुठे? मी फोन करायचो. सुरुवातीला त्या हसून सांगायच्या. म्हणाल्या, त्रास काही नाही रे, बाई शिस्तीच्या आहेत. सकाळी उठून बघते तर बरण्यांतली बटणं लहानमोठी वेगळी लावलेली. मोलकरणीनं सुद्धा कधी केलं नाही असं काम.

मी हसलो. मलाही तेव्हा हसू आलं, काय करणार.

मग काकूंच्या वरचं हिरव्या दाराचं घर विकलं गेलं. घेणारे परदेशी राहतात. अजून एकदाही आलेले नाहीत. दाराला नवंकोरं कुलूप.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. आवाज हळू होता. म्हणाल्या, वरची भिंत वाजतेय... माझ्या घरातून.

मी म्हटलं, ताबडतोब निघा. आमच्याकडे या.

"येते की," त्या म्हणाल्या. "उत्तर आलं की येते."



मी दर रविवारी जातो. दुकान बंद असतं. काकू आतल्या खोलीत असतात, वरच्या भिंतीला टेकून. जेवण दिलं तर जेवतात. बोललं तर बोलतात. पण उठत नाहीत. मी आणि बायकोनं ओढून बघितलं. नाही हलत. वाऱ्याचे दिवस आता तोंडावर आलेत.

हिरव्या दारातून कोणीतरी उत्तर द्यायला हवं. आणि आत कोणी नाही.

काल जाहिरात बघितली. ते हिरव्या दाराचं घर पुन्हा विकायला काढलंय. तोच दलाल. समुद्र हाकेच्या अंतरावर, जुन्या वस्तीतली शान, शांत शेजार. म्हणून हे सगळं लिहायला बसलो. तुमच्यापैकी कोणी ते घर बघायला जाणार असेल, तर खालच्या भिंतीवर हाताच्या उंचीवर काही आहे का ते बघा. बुजवू नका. आणि टकटक ऐकू आली तर उत्तर द्या... असं सांगावं की देऊ नका असं, हे मला अजून ठरवता येत नाही.

उद्या दुपारी मी गिऱ्हाईक म्हणून तिथे जाणार आहे. दलाल किल्ली आणतोय. त्याला पाणी आणायला पाठवेन आणि भिंतीवर तीनदा वाजवेन. काकू सुटतील. उत्तर देणाऱ्याकडे बाई येतात, हे माहीत आहे. पुढचं पुढे.

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच.

आत्ता लिहिता लिहिता तिच्या खोलीत डोकावून आलो. दुपारची झोपलीये. मशीन टेबलावर आहे.

पलंगाच्या अगदी कडेला सरकून झोपलीये. अर्धा पलंग मोकळा ठेवून. तिकडे एक धुतलेली चादर घडी करून ठेवलीये.